साठ हजारांची पुडी आणि नवी किडनी

किडनी प्रत्यारोपणानंतरच्या आरोग्याबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले, तेव्हा निम्म्याहून अधिक पत्रं एकाच विषयावर आली : व्हिटॅमिन डी. कुणाचं कमी आलंय, कुणी जास्त घेतलंय, कुणाला दोन डॉक्टरांनी दोन सल्ले दिलेत. त्यातली निवडक पत्रं इथे घेतली आहेत. नावं छापलेली नाहीत. उत्तरांत दिलेले डोस सर्वसाधारण आहेत. तुमचा डोस ठरतो तो तुमच्या फाइलीतल्या आकड्यांवरून, आणि तो ठरवायचा तुमच्या नेफ्रॉलॉजिस्टनीच, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांनीच.

प्रश्न : माझ्या मिस्टरांचं ट्रान्सप्लांट होऊन आठ महिने झाले. किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारं क्रिएटिनिन १.२ आहे, डॉक्टर खूश आहेत. पण व्हिटॅमिन डी ११ आलं. किडनी डी तयार करते असं आम्ही डायलिसिसच्या काळात ऐकलं होतं. मग किडनी चांगली असताना डी कमी कसं? (सातारा)

उत्तर : तुम्ही ऐकलंत ते खरं आहे, फक्त अर्धं. ड जीवनसत्त्व आपल्या शरीरात तीन ठिकाणी घडतं. उन्हातल्या अतिनील किरणांनी त्वचेत कच्चा माल तयार होतो. लिव्हर त्याचं साठवणीच्या रूपात रूपांतर करतं. किडनी त्या साठ्यातून लागेल तेवढंच उचलते आणि कामाचं, म्हणजे आतड्यातून कॅल्शियम शोषून घेणारं रूप बनवते. रिपोर्टवर ‘२५-हायड्रॉक्सी’ म्हणून जो आकडा येतो तो मधल्या पायरीचा, साठ्याचा असतो. किडनी म्हणजे गिरणी. तुमच्या घरी गिरणी नवी आली, उत्तम चालते आहे, पण कणगीत दाणेच नाहीत. गिरणी धान्य पिकवत नाही.

कणगी रिकामी होण्याची कारणंही सरळ आहेत. डायलिसिसची वर्षं बहुतेक घरात आणि हॉस्पिटलात गेलेली असतात. प्रत्यारोपणानंतर पहिले काही महिने गर्दी नको, ऊन नको म्हणून माणूस आतच राहतो. प्रेडनिसोलोन या स्टिरॉइडमुळे डी लवकर खर्च होतं. स्टिरॉइडने भूक वाढून वजन चढतं आणि डी चरबीत अडकून बसतं. लघवीतून प्रोटीन जात असेल तर डीला रक्तातून वाहून नेणारं प्रोटीनही त्याबरोबर जातं.

शिवाय गिरणीला मागच्या काळाचा एक ब्रेकही लागलेला असतो. किडनी निकामी असताना हाडांतून एफजीएफ-२३ नावाचं संप्रेरक भरमसाट सुटत असतं आणि मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी फुगलेल्या असतात. नवी किडनी बसली म्हणून हे दोघं दुसऱ्या दिवशी शांत होत नाहीत. एफजीएफ-२३ किडनीला सांगतं, ‘फॉस्फरस बाहेर टाक, डी बनवू नकोस.’ म्हणूनच पहिल्या काही आठवड्यांत अनेकांचं फॉस्फरस एकदम खाली जातं. वर्षानुवर्षं ‘दूध-दही बंद, फॉस्फरस वाढतं’ ऐकलेल्या पेशंटला डॉक्टर अचानक ‘दूध घ्या’ म्हणतात तेव्हा घरचे गोंधळतात. डॉक्टरांचं चुकलेलं नसतं, रक्तातला हिशेब उलटलेला असतो. बहुतेकांमध्ये हा ब्रेक काही महिन्यांत सैल होतो.

११ म्हणजे स्पष्ट कमतरता. सर्वसाधारण मोजमाप असं : २० नॅनोग्रॅमच्या खाली कमतरता, २० ते ३० अपुरं, ३० च्या वर पुरेसं. तुमच्या मिस्टरांना डी द्यावं लागेल. मात्र सुरू करण्याआधी कॅल्शियम, फॉस्फरस आणि पीटीएच (पॅराथायरॉइड ग्रंथींचं संप्रेरक) हे तीन आकडे समोर हवेत. का, ते सांगलीच्या पत्राच्या उत्तरात येईल.

प्रश्न : आधी रोज एक छोटी कॅप्सूल होती, ०.२५ मायक्रोग्रॅमची. आता आठवड्याला ६०,००० युनिटची पुडी दिली आहे. दोन्ही व्हिटॅमिन डीच ना? शिवाय केमिस्टने कॅल्शियमची गोळी बदलून दिली. (नाशिक)

उत्तर : दोन्हींना लोक ‘डी’ म्हणतात आणि घोळ तिथेच होतो. ६०,००० ची पुडी म्हणजे कोलेकॅल्सिफेरॉल, डी-थ्री. हे धान्य. ०.२५ मायक्रोग्रॅमची कॅप्सूल म्हणजे कॅल्सिट्रायॉल. हे दळलेलं पीठ. डायलिसिसवर गिरणी बंद होती म्हणून तयार पीठ दिलं जात होतं. आता गिरणी चालते, म्हणून धान्य. अल्फाकॅल्सिडॉल हे तिसरं नाव कानावर येईल. ते लिव्हरमध्ये गेल्यावर पीठ होतं, तेही किडनीला वळसा घालूनच.

फरक फक्त नावाचा नाही. किडनी धान्य पाहून दळते, शरीराला नको असेल तर हात आखडता घेते. तयार पिठावर असा ताबा नसतो. कॅल्सिट्रायॉल थेट आतड्यावर काम करतं आणि कॅल्शियम काही दिवसांत चढवू शकतं. उलट ते काही तासांत रक्तातून जातं, तर डी-थ्रीचा साठा निम्मा व्हायला दोन-तीन आठवडे लागतात. म्हणून एक रोज, दुसरं आठवड्याला. वजनाचा अंदाज घ्या : ४० युनिट म्हणजे १ मायक्रोग्रॅम, म्हणजे ६०,००० युनिट झाले १,५०० मायक्रोग्रॅम. ०.२५ आणि १,५०० या आकड्यांची तुलना करून ‘पुडी फार स्ट्राँग आहे’ किंवा ‘कॅप्सूल अगदी सौम्य आहे’ असा निष्कर्ष काढू नका.

आता केमिस्टची गोळी. आपल्याकडे कॅल्शियमच्या अनेक कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेटबरोबर ०.२५ मायक्रोग्रॅम कॅल्सिट्रायॉल आणि थोडं झिंक घातलेलं असतं. दुसऱ्या ब्रँडमध्ये त्याच जागी २५० किंवा ५०० युनिट डी-थ्री असतं. दुकानदाराच्या लेखी दोन्ही ‘कॅल्शियम’च. दिवसाला दोन घेणाऱ्या पेशंटच्या पोटात न कळत रोज अर्धा मायक्रोग्रॅम कॅल्सिट्रायॉल जाऊ लागतं. पाकीट उलटं करा, ‘कॉम्पोझिशन’खालची बारीक ओळ वाचा. नजर पोचत नसेल तर मोबाइलवर फोटो काढून मोठा करा. कॅल्सिट्रायॉल दिसलं आणि ते डॉक्टरांनी लिहिलेलं नसेल, तर गोळी परत करा.

प्रश्न : वडिलांचं ट्रान्सप्लांट दोन वर्षांपूर्वीचं. गावच्या दवाखान्यात ६०,००० च्या पुड्या लिहून दिल्या, ‘आठवड्यातून एक’ असं तोंडी सांगितलं असावं. वडिलांनी रोज एक घेतली, एकवीस दिवस. आता मळमळतंय, शौचाला घट्ट होतंय, लघवीला सारखं जावं लागतंय. (लातूर)

उत्तर : पुडी आजच बंद. कॅल्शियमची गोळीही बंद. लघवी वाढवणारी थायझाइड जातीची गोळी ब्लडप्रेशरसाठी चालू असेल, तर तिचं काय करायचं ते डॉक्टरांना आजच फोन करून विचारा, कारण ती कॅल्शियम लघवीतून बाहेर पडू देत नाही. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून दिलेल्या टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट, प्रेडनिसोलोन यांना मात्र हात लावू नका. उद्या सकाळपर्यंत कॅल्शियम, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन, फॉस्फरस आणि टॅक्रोलिमसची पातळी तपासून घ्या. वडील गोंधळल्यासारखं बोलत असतील, फार झोपत असतील किंवा उलट्यांमुळे गोळ्या पोटात टिकत नसतील, तर सकाळची वाट न पाहता रात्रीच हॉस्पिटल गाठा.

हिशेब पाहा : एकवीस पुड्या म्हणजे १२ लाख ६० हजार युनिट. जो कोर्स आठ आठवड्यांत ४ लाख ८० हजार द्यायचा, त्याच्या अडीचपटीहून जास्त माल तीन आठवड्यांत गेला.

लक्षणं अशी का दिसतात? कॅल्शियम चढलं की किडनी पाणी धरून ठेवू शकत नाही. लघवी वाढते, तोंड कोरडं पडतं, शरीर सुकतं. आतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि क्रिएटिनिन चढतं. हे लांबलं तर किडनीच्याच मांसात कॅल्शियमचे कण साचतात. ज्या किडनीला आपण तळहाताच्या फोडासारखं जपतो तिलाच ही इजा. त्यात चढलेलं क्रिएटिनिन पाहिलं की सगळ्यांच्या मनात पहिला शब्द ‘रिजेक्शन’ येतो, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं. ते असूही शकतं, म्हणून डॉक्टर ती शक्यता तपासतीलच. पण एकवीस पुड्यांची गोष्ट तुम्ही पहिल्याच वाक्यात सांगितलीत तर तपासाची दिशा बदलते. रिकामी पाकिटं पिशवीत घालून सोबत न्या.

कॅल्शियम फार वाढलेलं असेल तर सलाइन, आणि गरज पडली तर हाडांतून कॅल्शियम सुटणं थांबवणारी औषधं देतात. डी चरबीत साठतं, त्यामुळे पुडी थांबवल्यावरही कॅल्शियम काही आठवडे, कधी काही महिने वर राहू शकतं. एकदा नॉर्मल आलं म्हणून तपासणी सोडू नका.

घरात पुन्हा असं होऊ नये म्हणून : पुड्या एका वेळी चारच आणा. वार ठरवा, समजा रविवार. भिंतीवरच्या कालनिर्णयात त्या रविवारांवर आधीच गोल करा आणि पुडी घेतली की गोलात फुली मारा. रोजच्या गोळ्यांच्या डबीत पुडी ठेवूच नका. रविवार चुकला तर सोमवारी घ्या, पण दोन एकदम नाही.

एक सूचना त्याच दवाखान्यांसाठी : ६ लाखांचं एकच इंजेक्शन देऊन ‘वर्षाची चिंता मिटवण्याची’ पद्धत अजून चालू आहे. ऑस्ट्रेलियात सत्तरीच्या पुढच्या दोन हजारांहून अधिक स्त्रियांवर वर्षातून एकदा ५ लाख युनिटचा प्रयोग झाला होता. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांत पडणं आणि हाडं मोडणं कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसलं. त्या स्त्रियांचं प्रत्यारोपण झालेलं नव्हतं. किडनी बदललेल्या माणसाला तर असं इंजेक्शन देऊच नये, कारण एकदा टोचलेलं परत काढता येत नाही.

प्रश्न : पाच महिन्यांपूर्वी ट्रान्सप्लांट. कॅल्शियम १०.४, अल्ब्युमिन ३.२, पीटीएच २६०, व्हिटॅमिन डी १६. एक डॉक्टर म्हणतात डी कमी आहे, घ्या. दुसरे म्हणतात थांबा. कॅल्शियम तर नॉर्मलमध्ये आहे. (सांगली)

उत्तर : या अंकातलं सगळ्यात महत्त्वाचं पत्र हेच. तुमचं कॅल्शियम रिपोर्टवर ठळक छापलेलं नाही, कारण लॅबची मर्यादा साधारण १०.५ असते. पण रक्तातलं जवळजवळ निम्मं कॅल्शियम प्रोटीनला, मुख्यतः अल्ब्युमिनला चिकटलेलं असतं. अल्ब्युमिन कमी असलं की एकूण आकडा खोटाच कमी दिसतो. ढोबळ दुरुस्ती अशी : ४ मधून अल्ब्युमिन वजा करा, ०.८ ने गुणा, आलेलं उत्तर कॅल्शियममध्ये मिळवा. तुमच्या बाबतीत ४ वजा ३.२ म्हणजे ०.८. त्याला ०.८ ने गुणलं की ०.६४. एकूण ११.०४. म्हणजे कॅल्शियम वाढलेलं आहे. हे सूत्र अंदाजाचं आहे. खात्रीसाठी ‘आयोनाइज्ड कॅल्शियम’ ही वेगळी तपासणी करून घ्या.

कॅल्शियम वर आणि पीटीएचही वर, याचा अर्थ डायलिसिसच्या काळात फुगलेल्या पॅराथायरॉइड ग्रंथी अजून आपल्याच तंद्रीत काम करताहेत. निरोगी ग्रंथी कॅल्शियम वाढलं की गप्प बसते, ही बसत नाही. पहिल्या वर्षात अनेकांची ग्रंथी आपोआप आटोपशीर होते, म्हणून पाच महिन्यांना डॉक्टर बहुधा लक्ष ठेवतात. कॅल्शियम चढतच राहिलं तर सिनाकॅल्सेट ही गोळी, आणि वर्ष उलटूनही बसलं नाही तर ग्रंथी काढण्याचं ऑपरेशन, असे मार्ग आहेत.

मग दोन डॉक्टरांपैकी बरोबर कोण? दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. डी कमी राहिलं तर ग्रंथीला आणखी चेव येतो, हे पहिल्यांचं म्हणणं. वाढलेल्या कॅल्शियमवर डी ओतलं तर ते अजून चढेल, हे दुसऱ्यांचं. आमचं मत असं : कॅल्सिट्रायॉल आणि कॅल्शियमच्या गोळ्या आत्ता नकोतच. साधं डी-थ्री द्यायचं असेल तर ६०,००० च्या झपाट्याने नाही. रोजच्या लहान मात्रेत, दोन-तीन आठवड्यांनी कॅल्शियम पाहत, आणि कॅल्शियम दुरुस्त करूनही ११ च्या आसपास असेल तर आधी ते खाली आणून मग. दोन्ही डॉक्टरांपैकी ज्यांच्याकडे तुमची प्रत्यारोपणाची फाइल आहे त्यांचा शब्द अखेरचा माना. निम्मा सल्ला एकाचा, निम्मा दुसऱ्याचा, असं करू नका.

याच्या उलट चित्रही सांगून ठेवतो. कॅल्शियम वर पण पीटीएच अगदी खाली असेल, तर ग्रंथी निर्दोष आहे आणि कॅल्शियम दुसरीकडून येतंय. पहिला संशय औषधाच्या अतिरेकावर. तो नसेल तर संसर्गाचा विचार करावाच लागतो. क्षयात, काही बुरशीजन्य आजारांत आणि न्यूमोसिस्टिस न्यूमोनियात रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी स्वतःच डीचं पीठ दळू लागतात, आणि त्यांच्यावर कुणाचा ताबा नसतो. आपल्याकडे क्षय सर्वत्र आहे आणि प्रत्यारोपणाच्या औषधांनी प्रतिकारशक्ती दबलेली असते. संध्याकाळी येणारा बारीक ताप, उतरणारं वजन, खोकला, आणि त्यात कारण न कळणारं वाढलेलं कॅल्शियम असेल, तर छातीचा फोटो आणि पुढच्या तपासण्या लांबवू नका. क्षयावर रिफाम्पिसिन सुरू झालं तर ते टॅक्रोलिमसची पातळी पार खाली आणतं आणि डीही वेगाने संपवतं, म्हणून टीबीची औषधं नेफ्रॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय सुरू करायची नाहीत.

प्रश्न : दोन लॅबचे रिपोर्ट वेगळे आले, एकात २२, दुसऱ्यात ३८. शिवाय मैत्रिणीचं आठ पुड्या घेऊनही डी वाढलेलं नाही. (डोंबिवली)

उत्तर : आधी तपासणीचं नाव पाहा. हवी ती ‘२५-हायड्रॉक्सी’. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ ही महाग आणि वेगळी तपासणी आहे, साठा कळायला ती कामाची नाही. नाव एकच असेल तर यंत्राच्या पद्धतीमुळे थोडा फरक पडतोच, म्हणून दर वेळी एकच लॅब धरा. उपाशी राहण्याची गरज नाही.

इतका मोठा फरक असेल तर एक प्रश्न विचारतो : केसांसाठी बायोटिन घेता का? टॅक्रोलिमसने केस गळतात, आणि मग ‘हेअर-नेल’च्या ५ किंवा १० मिलिग्रॅम बायोटिनच्या गोळ्या घरात येतात. काही यंत्रांची रसायनंच बायोटिनवर चालतात. अशा यंत्रांवर डी खोटंच जास्त आणि पीटीएच खोटंच कमी दिसू शकतं. रक्त देण्याआधी दोन-तीन दिवस ती गोळी बंद ठेवा आणि लॅबला तसं सांगा.

मैत्रिणीला एकेक करून विचारा. पुडी उपाशीपोटी घेतली का? डी तेलात विरघळतं, म्हणून दुपारच्या पोटभर जेवणानंतर किंवा साय न काढलेल्या दुधाबरोबर घ्यावी. मायकोफेनोलेटमुळे सतत जुलाब होतात का? फिट्सची फेनिटॉइनसारखी गोळी चालू आहे का? वजन खूप वाढलंय का? तसं असेल तर दुपटी-तिपटीने जास्त मात्रा लागू शकते. मॅग्नेशियम तपासलंय का? टॅक्रोलिमसने ते लघवीतून जातं, आणि मॅग्नेशियम कमी असलं की डीचं काम अडतं. आणि शेवटचं : फेरतपासणी कधी केली? कोर्स सुरू केल्यापासून तीन महिने तरी जाऊ द्यावेत, तीन आठवड्यांनी काढलेला आकडा काही सांगत नाही.

प्रश्न : रोज सकाळी साडेसहा ते सात कोवळ्या उन्हात बसतो. तरी डी १४. (कोल्हापूर)

उत्तर : कोवळं ऊन अंगाला बरं वाटतं, पण डी बनवणारे अतिनील ‘बी’ किरण त्यात जवळजवळ नसतातच. सूर्य कलता असला की ते हवेतच शोषले जातात. सोपी खूण : आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान असेल तेव्हाच त्वचेत डी बनतं, म्हणजे साधारण दहा-अकरापासून तीनपर्यंत. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हात डी बनत नाही, कारण काच हे किरण अडवते.

पण म्हणून प्रत्यारोपणाच्या पेशंटनी दुपारच्या उन्हात बसावं का? आम्ही नाही म्हणू. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं त्वचेच्या कॅन्सरची शक्यता वाढवतात, त्यांतलं अॅझाथायोप्रिन घेणाऱ्यांची त्वचा उन्हाने जास्त भाजते, आणि बुरशीवरचं व्होरिकोनॅझोल चालू असेल तर ऊन अगदीच टाळायचं. आपल्या सावळ्या त्वचेला धोका गोऱ्या लोकांपेक्षा बराच कमी आहे, पण शून्य नाही. सकाळी फिरायला जरूर जा, हाडांना आणि स्नायूंना चालणं हवंच. डी मात्र औषधातून घ्या. ते मोजून घेता येतं, ऊन मोजता येत नाही.

प्रश्न : मी मेलबर्नला असतो. इथल्या रिपोर्टवर डी ५२ आहे. पुण्याचे डॉक्टर काका म्हणाले, भरपूर आहे. इथले डॉक्टर म्हणतात, कमीच आहे. (मेलबर्न)

उत्तर : एकक वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात नॅनोमोलमध्ये मोजतात, आपल्याकडे नॅनोग्रॅममध्ये. नॅनोमोलला अडीचने भागा : ५२ म्हणजे जेमतेम २१. काकांना रिपोर्ट पाठवताना एककासह पाठवा. आणि तिथलं ऊन फार कडक असतं. टोपी, सनस्क्रीन आणि वर्षातून एकदा त्वचेची तपासणी हे नियम तुम्हालाही लागू आहेत.

प्रश्न : डी घेतल्याने रिजेक्शन होत नाही, इन्फेक्शन आणि हार्टचा त्रास टळतो, असं फॉरवर्ड होऊन आलंय. खरं आहे का? (पुणे)

उत्तर : ज्यांचं डी कमी असतं त्यांना हे त्रास जास्त होतात, असं अनेक पाहण्यांत दिसलंय. पण आजारी माणूस घरात बसतो आणि घरात बसलेल्याचं डी कमी होतं. कोण कुणामुळे, हे नुसतं पाहून ठरत नाही. औषध देऊन पाहावं लागतं, आणि तसं केलंही गेलं आहे.

फ्रान्समध्ये ‘व्हिटाले’ नावाचा मोठा अभ्यास झाला, २०२३ साली तो प्रसिद्ध झाला. प्रत्यारोपण होऊन एक ते चार वर्षं झालेले, डी ३० च्या खाली असलेले ५३६ पेशंट त्यात होते. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एका गटाला दर वेळी १ लाख युनिट, दुसऱ्याला १२,००० : पहिले दोन महिने दर पंधरवड्याला, मग बावीस महिने महिन्यातून एकदा. मधुमेह, हृदयविकार, कॅन्सर आणि मृत्यू यांचा एकत्र हिशेब केला तर एका गटात १५ टक्के, दुसऱ्यात १६ टक्के. म्हणजे फरक नाही. इन्फेक्शन आणि रिजेक्शनमध्येही नाही. फरक पडला तो हाडं मोडण्यात : जास्त मात्रेच्या गटात १ टक्का, कमी मात्रेच्या गटात ४ टक्के.

आमच्या लेखी याचा अर्थ स्वच्छ आहे. प्रत्यारोपणानंतर डी हे हाडांचं औषध आहे, आणि तेवढ्यासाठी ते मनापासून घ्यावं. रिजेक्शन टाळतात त्या घड्याळ लावून बारा-बारा तासांनी घेतलेल्या टॅक्रोलिमसच्या गोळ्या. डी घेतोय म्हणून त्यात ढिलाई केली तर किडनी जाईल.

प्रश्न : ट्रान्सप्लांटला दीड वर्ष. उजव्या जांघेत दुखतं, जिना चढताना जास्त. डी १८ आहे म्हणून पुड्या चालू केल्या, पण दोन महिन्यांत फरक नाही. (नागपूर)

उत्तर : पुड्यांवर थांबू नका, हाडांच्या डॉक्टरांना दाखवा. डीच्या कमतरतेचं दुखणं एका जागी बोट ठेवून दाखवता येत नाही. मांड्या-खांदे दुबळे होतात, खाली बसलेला माणूस हाताचा टेकू घेतल्याशिवाय उठू शकत नाही, पाठ-बरगड्या दाबल्या की दुखतात. एकाच जांघेत, भार टाकला की वाढणारं दुखणं स्टिरॉइड घेतलेल्या माणसात वेगळीच शंका आणतं : खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड मरणं. सुरुवातीला साधा एक्स-रे नॉर्मल येतो, एमआरआयमध्ये दिसतं. लवकर कळलं तर सांधा वाचवण्याचे उपाय करता येतात, गोळा खचल्यावर सांधाच बदलावा लागतो.

दोन्ही पायांच्या घोट्यांत-गुडघ्यांत सारखंच, रात्री तळमळवणारं दुखणं असेल तर टॅक्रोलिमसची पातळी पाहावी. स्नायू दुखत असतील आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू असेल, विशेषतः सायक्लोस्पोरिन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या औषधाबरोबर, तर सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्ततपासणी करावी.

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी झाली नसेल तर ती विचारा. स्टिरॉइडने हाडांची सगळ्यात मोठी झीज पहिल्या वर्षातच होते. त्यावर हाडं घट्ट करणारं इंजेक्शन सुचवलं गेलं, तर आधी डी आणि कॅल्शियम भरून घ्यायचं. रिकाम्या कणगीवर ते इंजेक्शन दिलं की कॅल्शियम धाडकन खाली येऊन हातपाय वळतात.

प्रश्न : औषधाऐवजी खाण्यातून डी मिळेल का? आम्ही मासे खातो, सासूबाई शाकाहारी. (रत्नागिरी)

उत्तर : भर पडेल, भरपाई होणार नाही. बांगडा, तारली, रावस यांसारख्या तेलकट माशांत डी असतं, अंड्याच्या एका बलकात साधारण ४० युनिट. ‘+एफ’ची निळी खूण असलेल्या पिशवीच्या दुधात लिटरमागे २०० ते ३०० युनिट मिसळलेलं असतं, म्हणजे २०० मिलिलिटरच्या पेल्यात ४० ते ६०. रोज १,००० ते २,००० युनिटची गरज यातून कशी भागणार? मासे आणि अंडी पूर्ण शिजवूनच खा. माशाच्या लिव्हरचं तेल घेऊ नका, त्यातलं ‘ए’ जीवनसत्त्व साठून त्रास देतं.

कॅल्शियमसाठी मात्र आपलं ताट चांगलं आहे. १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं, एक पेला दुधात सव्वादोनशेच्या पुढे. दिवसाची गरज साधारण १,००० मिलिग्रॅम. नाचणीची भाकरी, दही, दूध नीट चालू असेल तर कॅल्शियमची गोळी लागेलच असं नाही, डॉक्टरांशी हिशेब करा.

सासूबाईंसाठी : बहुतेक डी-थ्री मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं आणि मऊ कॅप्सूलचं आवरण जिलेटिनचं असतं. पुडीत जिलेटिनचं आवरण नसतं. दगडफुलासारख्या लायकेनपासून केलेलं डी-थ्रीही आता मिळतं. आणि विषय खाण्याचा निघालाच आहे तर सांगतो, पेशंटला पपनस देऊ नका. ते टॅक्रोलिमसची पातळी वाढवतं.

प्रश्न : मी मुलाला किडनी दिली. मलाही डी घ्यावं लागेल का? (जळगाव)

उत्तर : एक किडनी गेल्यावर डीचं कामाचं रूप थोडं कमी बनतं आणि पीटीएच किंचित वाढतं. म्हणून वर्षाच्या तपासणीत क्रिएटिनिन, लघवी आणि ब्लडप्रेशरबरोबर कॅल्शियम आणि २५-हायड्रॉक्सी डीही करून घ्या. कमी असेल तर इतर कुणाही निरोगी माणसाप्रमाणेच भरून काढायचं. पण मुलाच्या पुड्यांतली पुडी घेऊन नाही, स्वतःच्या रिपोर्टवर, स्वतःच्या नावाच्या चिठ्ठीवर.